चंद्रभागाबाईंच्या पेशीतली गुठळी

पॅथॉलॉजिस्ट म्हणजे काय, हे मला जन्मभर समजावून सांगावं लागलं. माझ्या गावच्या, म्हणजे वरवट बकालच्या लोकांनी तर शेवटी आपापसात ठरवूनच टाकलं, की ही पोट्टी डॉक्टर झाली खरी, पण सुई टोचायची हिंमत नाही म्हणून दिवसभर काचेत डोळा घालून बसते. 'काचवाली डॉक्टरीण' हे नाव मला तिथेच पडलं आणि पुढे जिल्हाभर पसरलं. नावात खोटं काही नाही. सगळी नोकरी मी काचाच पाहिल्या. आता निवृत्त झाले, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले, तरी कुणी पेशीच्या केंद्रकाचं चित्र समोर धरलं की माझं तोंड बंद होत नाही. घरची मंडळी उठून जातात. दिवाळी अंकाच्या संपादकांना उठून जाता येत नाही, म्हणून त्यांनी 'लिहा' म्हटल्याबरोबर मी लिहायला बसले.

आधी धंदा सांगते. माणसाच्या अंगातली एखादी गाठ, खरवडून काढलेल्या पेशी, काढून टाकलेला अवयव, असं काहीही आमच्याकडे येतं. आम्ही ते रंगवतो, काचेवर घेतो आणि सूक्ष्मदर्शकातून पाहून सांगतो की हे साधं आहे की वाईट. रोगी आम्हाला ओळखत नाही. पण सर्जनची सुरी कुठे आणि किती चालायची, हे पुष्कळदा आमच्या दोन ओळींवर ठरतं. आणि त्या दोन ओळी आम्ही मुख्यतः एका गोष्टीकडे बघून लिहितो: पेशीच्या मधोमध असलेलं केंद्रक.

या केंद्रकाचं वेड मला नागपूरला लागलं. महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. मी एम.डी. करत होते. एके दिवशी आमच्या सरांनी वर्गातल्या पाच-सहा जणांच्या गालाच्या आतून लाकडी पट्टी फिरवली, निघालेल्या पेशी काचांवर पसरून रंगवल्या आणि म्हणाले, "यातल्या मुलींच्या काचा वेगळ्या काढा." काचांवर नावं नव्हती. आम्ही हसलो. गालाच्या पेशीवरून मुलगा-मुलगी कसं कळणार?

सरांनी दाखवलं. मुलींच्या बऱ्याच पेशींत केंद्रकाच्या भिंतीला चिकटून एक गडद ठिपका होता. मुलांच्या पेशींत तो नव्हता.

"हा ठिपका म्हणजे एक अख्खं गुणसूत्र आहे," सर म्हणाले. "बाईच्या पेशीत एक्स गुणसूत्रं दोन. कामाला एक पुरतं. म्हणून दुसरं घट्ट गुंडाळून कडेला ठेवलेलं असतं. त्याच्यावरची जनुकं कुठे गेली नाहीत, मोडलीही नाहीत. बांधून ठेवली आहेत म्हणून गप्प आहेत."

मोडली नाहीत, पण गप्प आहेत. हे वाक्य ऐकून मला काय झालं ते सांगणं कठीण आहे. तोवर मी समजत होते की जनुक असलं म्हणजे ते काम करतं आणि बिघडलं म्हणजे रोग होतो. इथे तिसरीच गोष्ट निघाली. जनुक धड आहे, पण त्याचं काम चालणार की नाही, हे ते कसं बांधून ठेवलंय यावर ठरतंय. त्या दिवशी मेसमध्ये मी समोरच्या मैत्रिणीला हे इतक्या वेळा सांगितलं की तिची भाजी पार गार झाली.

आमच्या भागात ज्याने कापसाची प्रेसिंग फॅक्टरी पाहिली आहे त्याला हे चटकन समजतं. मोकळ्या रुईतून सूत काढता येतं. तीच रुई दाबून, पट्ट्या आवळून तिची गाठ केली की रुई तीच, वजन तेच, पण सूत निघत नाही. पेशीच्या केंद्रकात डीएनएचा धागा असतो. एका पेशीतला सगळा धागा सरळ केला तर माणसाच्या उंचीपेक्षा लांब भरेल. तो प्रथिनांच्या इवल्या इवल्या रिळांवर गुंडाळलेला असतो. गुंडाळी सैल असेल तिथली जनुकं वाचली जातात, घट्ट असेल तिथली गप्प राहतात. गालाच्या पेशीत आणि काळजाच्या पेशीत जनुकं सारखीच, पण कोणती उघडी आणि कोणती बांधलेली, यानेच एक गाल होते आणि दुसरी काळीज. त्या वेळी यातलं थोडं आम्हाला माहीत होतं, थोडं नुसतं अंदाजाने बोललं जात होतं. बाकी पुढे डोळ्यांदेखत उलगडत गेलं.

कर्करोगाच्या पेशीत हे बांधणंच बिघडतं. जी जनुकं पेशीला 'आता वाढू नको' म्हणून बजावतात ती बांधली जातात आणि जी गप्प बसायला हवीत त्यांची बांधणी सुटते. आम्हाला काचेवर एकेक जनुक दिसत नाही आणि दिसणारी प्रत्येक गुठळी म्हणजे एक बंद जनुक, असं सोपं गणितही नाही. पण एकंदर गोंधळ दिसतो. निरोगी पेशीचं केंद्रक चाळलेला रवा पसरल्यासारखं असतं, सगळीकडे सारखं. बिघडलेल्या पेशीचं केंद्रक मोठं, काळपट, वेडंवाकडं असतं आणि आत गुठळ्या गुठळ्या झालेल्या असतात. हे एकदा डोळ्यांत बसलं की विसरता येत नाही.

नागपूरहून मला बुलडाण्याला नेमलं. तिथली प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, खिडकीशी ठेवलेला सूक्ष्मदर्शक आणि याकूबभाई. याकूबभाई आमचे टेक्निशियन. मेणाच्या ठोकळ्यातून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे आणि काढताना श्वास रोखून धरायचे. वीज बेभरवशाची, म्हणून सूक्ष्मदर्शकाचा आरसा उन्हाकडे वळवून मी काम करत असे. ढग आले की माझं वाचन बंद.

मी तिथे एक नवीन काम सुरू केलं. गर्भाशयाच्या मुखावरून लाकडी पट्टी फिरवून पेशी घ्यायच्या आणि त्यांची केंद्रकं पाहायची. आमच्याकडे बायका गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मरत आणि दवाखान्यात येत तेव्हा फार उशीर झालेला असे. मला त्या केंद्रकातला गोंधळ गाठ व्हायच्या आधी पकडायचा होता. पण धडधाकट बाई तपासायला येणार कशाला? आमच्या नर्स शांताबाई सिस्टर धाड गावच्या बाजारात, एसटी स्टँडवर, जिथे बायका दिसतील तिथे सांगत फिरायच्या. बाया ऐकून घ्यायच्या आणि वांगी घेऊन घरी जायच्या.

अशात एके सकाळी वडनेर भोलजीचे तुकाराम पाटील आले. स्वच्छ धोतर, खांद्यावर दुपट्टा, मोठ्या शेतीचे धनी. खुर्चीवर बसले आणि सरळ मुद्द्याला आले.

"तुमीच का थ्या काचवाल्या डॉक्टरीण?"

"हो, मीच."

"माह्या सुनेले दिवस गेले. पोट्टं हाय का पोट्टी, थे सांगा."

"ते मला कसं कळणार?"

"आमचा भाचा नागपूरले शिकते. थो सांगे, तुमच्या इद्येत एका ठिपक्यावरून बाई का माणूस थे कयते म्हणून."

माझी आवडती गोष्ट फिरत फिरत कुठे पोचली होती पाहा. मी म्हटलं, "ठिपका खरा आहे, पाटील. पण पोटातल्या लेकराची पेशी घ्यायची तर पोटात सुई खुपसावी लागते. त्यात लेकरू दगावू शकतं. अन् ते मुलगी आहे असं कळलं तर तुम्ही काय करणार, तेही मला माहीत आहे. मी हे करत नाही, करणारही नाही."

पाटलांना नकार ऐकायची सवय नसावी. ते उठले आणि म्हणाले, "म्हणजे ठिपका-बिपका काही नाही. नुसत्या गोष्टी."

मी तेव्हा तिशीच्या आतली. मला कुणी खोटं म्हटलेलं चालायचं, माझ्या ठिपक्याला म्हटलेलं चालायचं नाही. "बसा," मी म्हटलं. "तुमचीच पेशी पाहू. तोंड उघडा."

त्यांनी माझ्या हातातल्या पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोणत्या गावच्या तुमी?"

"वरवट बकाल."

"कोणाच्या?"

मी वडिलांचं नाव सांगितलं आणि म्हटलं, "आमचं घर विहाराला लागून आहे."

आमच्या मुलखात यापुढे काही सांगावं लागत नाही. काचा धुणाऱ्या याकूबभाईंनी नळ बंद केला. मी पट्टी धरून तशीच उभी राहिले. ती आपण होऊन खाली ठेवायची नाही, एवढंच मनाशी ठरवलं होतं. त्या घटकाभरात पाटलांच्या मनात काय चाललं होतं ते मला आजही ठाऊक नाही. पण त्यांनी दुपट्टा नीट केला, मान वर केली आणि तोंड उघडलं.

मी त्यांच्या गालाच्या पेशी घेतल्या, माझ्याही घेतल्या, याकूबभाईंनी दोन्ही काचा रंगवल्या. पाटलांनी आधी चुकीच्या बाजूने डोळा लावला, मग बरोबर. बराच वेळ पाहिलं. काचा बदलून पुन्हा पाहिलं.

"हाव. तुमच्यात हाय. माह्यात नाही."

"तुमच्याकडे दुसरं एक्सच नाही. त्यामुळे बांधून ठेवायला काही नाही."

"म्हणजे बाईमाणसापाशी एक जास्तीचं हाय, अन् थे दाबून ठेवेल हाय?"

मागून याकूबभाई म्हणाले, "पाटीलसाब, घर में भी वैसाइच रहता."

क्षणभर मला वाटलं, आता काही खरं नाही. पण पाटील हसले. पोट हलवून हसले. त्या हसण्याचा फायदा घेऊन मी म्हटलं, "सुनेचं राहू द्या. घरातल्या चाळिशीच्या बाया घेऊन या. एक पट्टी फिरवायची, दुखत नाही. आत काही बिघडत असेल तर ते मला आधी दिसतं."

ते निघून गेले. आणि पुढच्या आठवड्यात मलकापूरहून घाट चढून येणाऱ्या एसटीने बायकोला घेऊन आले. मला वाटतं, माझी परीक्षा घ्यायलाच आले असावेत.

चंद्रभागाबाई पंचेचाळिशीच्या आसपासच्या, उंच, अंगाने सुटसुटीत. तीन मुलांच्या आई. तक्रार काही नव्हती. "मले कायी नाही झालं. हे म्हणे चाल, म्हणून आली," एवढंच बोलल्या. शांताबाईंनी पट्टी फिरवली, काच अल्कोहोलमध्ये बुडवली, आणि दोघं नवरा-बायको बाजार करून गावी परतली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात मी ती काच लावली. पहिल्या भागात सगळं छान. रव्यासारखी केंद्रकं, एकामागून एक. मी काच सरकवत गेले. आणि एका ठिकाणी हात थांबला. पेशींचा एक छोटा घोळका. केंद्रकं शेजारणींपेक्षा दुपटीने मोठी, कडा सुरकुतलेल्या, आत काळ्या गुठळ्या. पुढे गेले, तसाच दुसरा घोळका.

मनात खरं काय आलं ते सांगते. पहिल्यांदा आनंद झाला. सापडलं. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता ते सापडलं. आणि लगेच तो ओसरला, कारण या पेशी एका हसत्याखेळत्या बाईच्या होत्या आणि आता तिला ते सांगायचं होतं.

त्यांना पुन्हा बोलावून, गर्भाशयमुखाच्या आतल्या नळीतून पेशी घेऊन दुसरी काच केली. तेच दिसलं, उलट जास्त. मी सर्जन गद्रे सरांकडे गेले. सर पुण्याचे, मोजकं बोलणारे. त्यांनी स्वतः तपासलं, बिघडलेला भाग रंग घेत नाही म्हणून आयोडीन लावून पाहिलं, मुखाचा चिमूटभर तुकडाही काढून मला दिला. तुकडा स्वच्छ निघाला.

"मला तिथे काही दिसत नाही," सर म्हणाले. "तुझ्या तुकड्यातही काही नाही."

"सर, पेशी कुठून तरी आल्यात. आभाळातून पडल्या नाहीत."

"मग वर नळीत असेल. तसं असेल तर आतून शंकूसारखा तुकडा काढावा लागेल. रक्त जातं त्यात. बाई ठणठणीत आहे. तुझं चुकलं असेल तर?"

"तर माझं चुकलं."

"सुरी माझ्या हातात असणार आहे," सर म्हणाले. "चुकलं तर दोघांचं. पण मला करायला सांगण्याआधी तिला सांग. नीट समजेल असं सांग."

पाटलांना मी सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज चढला. "दुखत नाही, खुपत नाही, रगत नाही. अन् कापायचं काऊन? तुमच्या त्या ठिपक्यासाठी?"

"पाटील, हा ठिपका तो नाही. हे वेगळं आहे."

"वेगयं असो का काही असो. धडधाकट बाईले कापू देत नसतो मी."

चंद्रभागाबाई इतका वेळ बाकावर बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मले पाहू द्या."

"काय पाहतं तू?" पाटील म्हणाले.

"तुमी पाह्यलं ना त्या दिवशी? मंग मले बी पाहू द्या. पेशी माही हाय."

मी दोन काचा घेतल्या. एक त्यांची. दुसरी माझी. नवीन काम सुरू करताना निरोगी नमुना हवा म्हणून मी शांताबाईंकडून माझ्याच पेशी घेऊन ठेवल्या होत्या. आधी माझी लावली. "ही माझी," मी म्हटलं. "मधला गोळा पाहा. कसा आहे?"

डोळा मिटायचा कोणता आणि उघडा ठेवायचा कोणता, यात थोडा वेळ गेला. मग त्या म्हणाल्या, "सारखा हाय. रवा चायल्यासारखा."

शपथेवर सांगते, रव्याचं मी त्यांना आधी सांगितलेलं नव्हतं. मग मी त्यांची काच लावली आणि तो घोळका मधोमध आणला. त्या कितीतरी वेळ हलल्या नाहीत.

"पिठलं घोटलं नाही का असं होते," त्या सावकाश म्हणाल्या. "गुठया झाल्या."

"हो. पेशीत एक लांब धागा असतो. पेशीने कसं वागायचं, किती वाढायचं, कधी थांबायचं, ते सगळं त्या धाग्यावर असतं. काही भाग मोकळा ठेवायचा, काही बांधून ठेवायचा, अशी रीत असते. या पेशींत ती रीत मोडलीय. बांधू नये ते बांधलं गेलं, सोडू नये ते सुटलं. आता या पेशींना थांबायचं कळत नाही."

"हे काऊन झालं?"

"ते मला माहीत नाही." तेव्हा खरंच माहीत नव्हतं. याची सुरुवात बहुतेक वेळा एका विषाणूपासून होते, हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी समजलं. "पण आज तुमच्या पेशी बहुतेक वरच्या थरातच आहेत. खाली उतरल्या की गाठ होते. मग दुखतं, मग रक्त जातं, आणि मग आम्हाला फार काही करता येत नाही."

"उतरल्या नाहीत, हे पक्कं हाय का?"

"पक्कं नाही. काढून पाहिल्याशिवाय पक्कं सांगता येत नाही."

त्यांनी पुन्हा एकदा डोळा लावला. पाटील म्हणाले, "घरी जाऊ. इचार करू."

"माहा इचार झाला," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "कवा काढता, थे सांगा."

गद्रे सरांनी ऑपरेशन केलं. रक्त फारसं गेलं नाही. तुकडा फॉर्मलिनच्या बरणीत माझ्याकडे आला, पेढ्याएवढा, गुलाबी, दिसायला अगदी निर्मळ. पुढचं काम घाईने होत नाही. तुकडा घट्ट होऊ द्यायचा, त्याच्या फोडी करायच्या, पाणी काढून मेण भरायचं, ठोकळे करायचे, काप काढायचे, रंगवायचे. त्या मधल्या काळात मी चंद्रभागाबाईंच्या वॉर्डावरून जाताना मान खाली घालून जात असे. पाटील दाराशी बाकावर बसलेले असत आणि काही विचारत नसत. विचारलं असतं तर बरं, असं वाटायचं.

पहिल्या फोडीचे काप स्वच्छ निघाले. दुसऱ्या फोडीचेही. तिसऱ्या फोडीत थोडी सूज, बाकी काही नाही. गद्रे सर ओपीडीतून दोनदा डोकावून गेले. मी मानेनेच 'अजून नाही' म्हटलं. याकूबभाई पुढचे काप काढत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

"ठोकळा अजून खोल कापा," मी त्यांना म्हटलं. "मधला भाग आलेला नाही."

त्यांनी खोल कापून रंगवलेली काच मी लावली. नळीचा आतला पृष्ठभाग दिसू लागला. मी त्याच्या कडेकडेने निघाले. एक वळण, सगळं ठीक. दुसरं वळण, ठीक. आणि तिसऱ्या वळणावर, जिथे कोणाची नजर किंवा आयोडीन पोचणं शक्य नव्हतं, तिथे तो थर होता. खालपासून वरपर्यंत काळीभोर, मोठी, गुठळ्यांची केंद्रकं, एकमेकांना रेटत उभी. मी आधी त्यांच्या खाली पाहिलं. त्या थराखाली एक बारीक रेघ असते. पेशी ती ओलांडून गेल्या की कर्करोग शरीरात उतरला. मी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. पुन्हा उलटी पाहिली. कुठेही मोडलेली नव्हती.

मी याकूबभाईंना फक्त "सरांना बोलवा" म्हटलं. माझा आवाज कसा निघाला कोण जाणे, ते धावतच गेले.

गद्रे सर ओपीडी सोडून आले, वाकले आणि खूप वेळ पाहत राहिले. "रेघ शाबूत आहे," ते म्हणाले.

"आहे, सर."

"म्हणजे वेळेत."

"वेळेत."

त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "चल, पाटलांना दोघं मिळून सांगू." वाटेत ते आणखी एक वाक्य बोलले. "पुण्यात असतो तर मी त्या स्वच्छ तुकड्यावर थांबलो असतो. तिथे तुझ्यासारखं हट्ट धरणारं कोणी नव्हतं." एवढं कौतुक मला त्यांच्याकडून पुन्हा कधी मिळालं नाही आणि त्याची गरजही पडली नाही.

नंतर, त्या काळच्या पद्धतीप्रमाणे, गर्भाशयाची पिशवीही काढली. ती पूर्ण स्वच्छ होती. चंद्रभागाबाई बऱ्या होऊन घरी गेल्या.

सगळ्यांचीच गोष्ट अशी झाली असती तर मी हे लिहिताना नुसतं मिरवलं असतं. त्याच हंगामात धाडकडची एक बाई आली होती. रक्त जाऊन जाऊन पांढरी पडलेली. तिचीही केंद्रकं तशीच होती, तीच गुठळी, तोच काळेपणा. फक्त रेघ केव्हाच मोडली होती. आम्ही तिला किरणोपचारासाठी नागपूरला जायला सांगितलं, पण घरचे तिला गावी घेऊन गेले. दोन बायका, एकच बिघाड, मध्ये थोडी वर्षं. आणि तेव्हा बिघाड बघण्यापलीकडे आम्हाला काही येत नव्हतं. अलीकडे वाचलं की रक्ताच्या काही कर्करोगांमध्ये नको तिथे बांधली गेलेली जनुकं पुन्हा उघडणारी औषधं देतात. त्या दिवशी मी खुर्चीतून उठले आणि हातातला चहा तसाच घेऊन घरभर फिरले. बांधलेलं सोडवता येतं. आम्ही नुसतं रंगवून पाहत होतो आणि आता लोक ते सोडवू लागलेत.

चंद्रभागाबाई बऱ्या झाल्यावर मी वरवट बकालचं तपासणी शिबिर मुद्दाम मागून घेतलं. आपल्या गावच्या बाया आपलं ऐकतील, असं वाटलं होतं. विहाराच्या बाजूच्या खोलीत टेबल मांडलं, पडदा लावला. बाया आल्या, सतरंजीवर बसल्या, चहा प्यायल्या आणि बसूनच राहिल्या. सगळ्यांत पुढे माझी माय, तोंडाला पदर लावून. मी तिला उठ म्हटलं तर म्हणाली, "पोटच्या पोरीसमोर? नाही व माय." तीच उठत नाही म्हटल्यावर बाकीच्या कशाला उठतील? शांताबाई बोलून बोलून दमल्या. मी ठिपका, धागा, रवा, सगळं सांगून पाहिलं. बाया मला लहानपणापासून ओळखत होत्या. हिला बोलायची आवड आहे, एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

उन्हं उतरायच्या आधी बाहेर जीप थांबली. चंद्रभागाबाई आत आल्या. ऑपरेशननंतरच्या तपासणीला आल्या तेव्हा या शिबिराबद्दल त्यांनी विचारलं होतं आणि "मी बी येतो" म्हणाल्या होत्या, पण ते मी बोलण्यापुरतं धरलं होतं. पाटील बाहेरच लिंबाखाली थांबले. चंद्रभागाबाईंनी चपला काढल्या आणि आमच्या बायांच्या मधोमध, त्याच सतरंजीवर येऊन बसल्या. कोणीतरी बिचकतच चहाचा कप पुढे केला. खोलीतला प्रत्येक डोळा त्या कपावर होता. त्यांनी कप घेतला, फुंकर घातली आणि प्यायला.

मग म्हणाल्या, "मी वडनेरच्या पाटलाची. मले काहीच दुखत नोतं. बसली असती घरी, तं आज तुमच्यापाशी नसती. माह्या पेशीत गुठया झाल्या होत्या. म्या ह्या डोयानं पाह्यल्या. कोणी सांगतलं म्हणून नाही, सोता पाह्यल्या."

बाया पदर सारखे करत एकमेकींकडे पाहू लागल्या.

"लाज वाटते? मले बी वाटली. दोन घडी वाटते, मंग जाते. थे दुसरं जात नाही." मग त्या माझ्या मायकडे वळल्या. ती कोण हे त्यांना कसं कळलं, देव जाणे, चेहरा सारखा असेल. "तुमच्या पोरीची पेशी बी पाह्यली म्या. लय साजरी हाय. पाहू द्या न तिले, तुमची कशी हाय थे."

मायने पदर तोंडावरून काढला. थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पडद्यामागे गेली. मी मागोमाग गेले. टेबलावर झोपल्यावर तिने मला हाताने थांबवलं.

"तू नोको पाहू," ती म्हणाली. "तुले पाह्याचं थे तुह्या मशीनीतून पाह्य."

मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. शांताबाईंनी पट्टी फिरवली. काच अल्कोहोलमध्ये पडल्याचा आवाज आला.

"झालं," शांताबाई म्हणाल्या.

"झालं? एवढंच व्हय?" माय लुगडं सावरत उठून बसली. "मंग इतके दिवस काऊन बोंबलत होती वं?"

पडद्याबाहेर बाया खदखदून हसल्या आणि शांताबाईंनी पुढचं नाव पुकारलं.